धोका कोणापासून

साहेब, तुमच्या कागदावर माझा एक वैरी आहे. तो तुम्ही नेमला. मला विचारलं नाही, त्याला विचारलं नाही, वरून त्याचीच सही घेतली.

तुमच्या टेबलासमोर उभी राहून मी हे तीन वेळा सांगितलं. तीनही वेळा तुम्ही फोन उचलला. म्हणून आता घरी बसून लिहिते. कागद फोन उचलत नाही.

मी रश्मी जानराव खंडारे. वय एक्केचाळीस. आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवते. गाव अमरावतीहून चांदूर रेल्वेकडे जाताना लागतं. घरी मी आणि माझी आई चतुराबाई. सात वर्षांपूर्वी माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाईच्या मुलीची अकोल्याला नेमबाजीची स्पर्धा होती, तिला सोबत म्हणून गेले. मधल्या सुट्टीत तिथल्या सरांनी गंमत म्हणून छर्ऱ्याचं पिस्तूल माझ्या हाती दिलं. दहा छर्रे मारले. सर कागदाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "ताई, तुमचा हात हलत नाही." वीस वर्षं सुईत दोरा ओवते आहे, हात कशाला हलंल?

तेव्हापासून हा नाद लागला. नादच म्हणते. मेडल नाही, प्रमाणपत्रं नाहीत. चाप ओढायच्या आधी एक श्वास अर्धा सोडून थांबवायचा असतो. तेवढा वेळ डोक्यात कोणीच नसतं. ना प्राचार्य, ना आईचं ब्लडप्रेशर, ना गावचं राजकारण. एका बाईला दिवसातून तेवढी जागा लागते, आणि मला ती तिथं सापडली. यात कोणाला गुन्हा दिसत असेल तर त्यानं पुढं वाचू नये.

मी एक छर्ऱ्याचं पिस्तूल विकत घेतलं. त्याला दहा मीटर जागा लागते. आमच्या घरात दहा मीटर सरळ रेघ निघत नाही. शेजारी चंद्रभानभाऊचा फुलांचा कोठा आहे. पहाटे तोडलेला झेंडू आणि शेवंती अमरावतीला जायच्या आधी तिथं पसरतात. दुपारनंतर कोठा मोकळा. मी माझ्या शिवणकामाच्या टेपनं मोजला तर दहा मीटरला चार बोटं कमी.

"चार बोटानं काय होते वं?" भाऊ म्हणाला.

"भाऊ, गळ्याच्या मापात चार बोटं चुकली तर ब्लाऊज फेकावं लागते."

दुसऱ्या दिवशी गेले तर त्यानं समोरच्या मातीच्या भिंतीत कोनाडा कोरून ठेवलेला. चार बोटं खोल. आत तेलाचा चौकोनी डबा, डब्यात ओल्या मातीचा लगदा, म्हणजे छर्रा उसळत नाही. वर बल्ब. कागद लावायला दोन खिळे. हे सगळं त्यानं कोणाला न विचारता केलं, साहेब. परवानगीचा अर्ज घेतला नाही.

रोज संध्याकाळी मी पन्नास छर्रे मारायची आणि भाऊ कागद उतरवून भोकं मोजायचा. "दहाच्या गोलात चार गेले. बाकीचे हिंडाले गेल्ते वाटते." त्याची बायको तानुबाई वहिनी दारात बसून फुलं निवडायची. "फुलं तोडाले बाई भेटत नाई, अन् हे इथं कागदाले भोकं पाडून राह्यली," असं म्हणायची आणि चहा ठेवायची.

चार वर्षं असं चाललं. मग पंचवीस मीटरचा खेळ खेळावासा वाटला. त्याला पॉइंट बावीसचं पिस्तूल लागतं. अकोल्याचे एक रिटायर सर स्वतःचं जुनं पिस्तूल द्यायला तयार होते. पण त्याला तुमचा परवाना पाहिजे. अर्ज केला. क्लबचं सदस्यत्व, प्रशिक्षणाचा दाखला, सगळं जोडलं. कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं: "नेमबाजीची आवड. कागदावर मारते."

अर्ज परत आला. लाल शाईत शेरा होता, "कारण समाधानकारक नाही."

तुमच्या परवाना शाखेतल्या बाबूला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, आवड हे कारण नसते. आवड तर मले पान खायचीबी हाय."

दुसऱ्यांदा अर्ज केला, कारण तेच लिहून. यावेळी चौकशीला ठाण्यातून मोतीराम जमादार आला. मोतीराम वाईट माणूस नाही. हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी सावध राहिले असते. त्यानं घर पाहिलं, लोखंडी आलमारी पाहिली, आलमारीतला कुलपाचा कप्पा पाहिला. मग म्हणाला, सराव कुठं करता ते दाखवा. त्याला कोठ्यात नेलं. वहिनीनं चहा दिला. शेवंतीच्या ढिगाऱ्याशेजारी खाटेवर बसून त्यानं कागद काढला.

"ताई, धोका कोणापासून हाय?"

"कोणापासूनच नाही."

"असं कसं? कोणी तं असंल. भाऊबंदकी, शेताच्या धुऱ्या-बांधाचं भांडण?"

भाऊ हसला. "धुऱ्याचं भांडण तं आमचंच होतं न जमादार. इच्या बापाचं अन् माह्या बापाचं. एका बोरीच्या झाडापाई. पाच वर्षं बोलले नाई लेकाचे एकमेकाशी. झाडबी गेलं, आता बापबी गेले."

मीही हसले. मोतीरामही हसला. हसता हसता लिहीत होता.

मग त्यानं कागद भाऊपुढे केला. "साक्षीदार म्हणून सही करा. पोरगी चांगली हाय म्हणून." भाऊचा चष्मा घरात होता. त्यानं सही केली. माझ्या चांगुलपणाची साक्ष म्हणून केली, साहेब. ही ओळ परत वाचा.

चाळीस दिवसांत परवाना आला. पहिल्या अर्जाला दोन वर्षं लागली होती. भाऊनं कोठ्यात पेढे वाटले. मला वाटलं, या वेळी कोणीतरी वाचलं.

पिस्तूल असलेल्या बाईचं जगणं कसं असतं तेही ऐका, म्हणजे कोणाला काय दिलं ते कळेल. रविवारी बडनेऱ्याहून गाडी, अकोल्याला रेंज. पिस्तूल एका पेटीत कुलूप लावून, गोळ्या वेगळ्या, परवाना पर्समध्ये. शेजारी बसलेली बाई विचारते, पेटीत काय? मी म्हणते, मशीनचे पार्ट. मारलेल्या गोळ्यांची टरफलं मोजून परत द्यायची. घरी आल्यावर नळी साफ करायची, तेलाचं बोट फिरवायचं. रोज संध्याकाळी रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर शर्टाचं बटन ठेवून चाप ओढायचा. बटन पडलं तर हात हलला. बस. एवढाच माझा दरारा.

आई म्हणायची, "लोकायच्या आलमारीत सोनं असते. माह्या पोरीच्या आलमारीत लोखंड." मामेभावाच्या लग्नात पोरं मागं लागली, ताई, वरातीत एक बार काढून दे, रंगत येते. मी म्हटलं, रंगत पाहिजे तर अजून एक बँड लावा. तेव्हापासून तिकडचे मला गर्विष्ठ म्हणतात. म्हणू द्या. ते पिस्तूल माझ्या कमरेला कोणी कधी पाहिलं नाही. आणि ज्यांच्या कमरेला सगळ्या तालुक्यानं पाहिलं, शर्ट मुद्दाम वर करून दाखवलेलं, त्यांच्या अर्जावर लाल शाई पडलेली मी ऐकली नाही. त्यांना वैरी आहेत म्हणे.

नऊ महिने गेले. निवडणूक आली. एका दुपारी कोठ्यात गेले तर बल्ब काढलेला. कोनाडा नव्हता. भिंत सारवून सपाट केली होती, माती अजून ओली होती. तानुबाई वहिनी दारात. चहा ठेवला नव्हता.

"आमी तुले मारणार होतो काय वं रश्मी?"

"काय म्हणता वहिनी?"

तिनं पदराच्या गाठीतून कागद काढला. तुमची नोटीस. निवडणुकीच्या काळात शांतता राखण्यासाठी चंद्रभाननं तुमच्यासमोर हजर व्हावं, चांगल्या वर्तणुकीचं लेखी हमीपत्र का घेऊ नये ते सांगावं. खाली कारण होतं: रश्मी जानराव खंडारे हिच्या जीवितास असलेला धोका.

"गावात लोक विचारून राह्यले, का केलं म्हणून," वहिनी म्हणाली. "फुलाच्या बाजारात एकजण त्याईले म्हणे, काहून बा, तुमचं अन् बौद्धपुऱ्याचं बिनसलं वाटते. घरी आले अन् कोनाडा लिंपला. दोन दिवस झाले, जेवले नाई धड."

भाऊ आत होता. बाहेर आला नाही. मी हाक मारली, तरी आला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

माझ्यावर जे कोसळलं ते मी इथं लिहीत नाही. ते तुमच्या कामाचं नाही. मी काय केलं ते लिहिते.

आधी मोतीरामकडे गेले. तो खरंच गोंधळला. "ताई, मी तं तुमचं काम करून देल्लं. आवड लिहिली असती तं फाइल अजून तिथंच असती. नाव टाकलं की फाइल चालते. कोणाचं तरी टाकाच लागते. ते आपलेच होते म्हणून टाकलं, बाहेरचा असता तं भांडला नसता काय?"

मग माहितीच्या अधिकारात अहवालाची प्रत मागितली. ती यायच्या आत भाऊची हजर व्हायची तारीख होती, पण तुम्हाला बंदोबस्त निघाला आणि तारीख पुढे गेली. प्रत हातात आली तशी मी कोठ्यात गेले. भाऊ झेंडू भरत होता. मी विचारलं नाही, सरळ मोठ्यानं वाचायला लागले.

"अर्जदार हिचे शेजारी चंद्रभान यांचेशी शेताच्या धुऱ्यावरून जुना वाद असून, सदर व्यक्ती भिन्न समाजाच्या असल्याने तणावाची शक्यता नाकारता येत नाही. अर्जदार हिचे जीवितास धोका आहे. सबब शिफारस."

खाली साक्षीदार: चंद्रभान.

भाऊनं डोळ्यांना चष्मा लावला. कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला. "सही तं चांगली आली हाय माही," तो म्हणाला. मग खाली बसला. "म्हंजे मीच सांगतलं, की माह्यापासून तुले धोका हाय?"

"तुम्ही बोरीच्या झाडाची गोष्ट सांगितली, भाऊ."

"झाड तं तोडलं नव्वद साली." मग कागद परत देत म्हणाला, "अन् हे भिन्न समाज कोणी सांगतलं त्याले? चहा तं एकाच किटलीतला पेला त्यानं."

तुमच्या बाबूकडे गेले. म्हटलं, या दोन ओळी खोडा. तो समजावून सांगायला लागला. "मॅडम, धोका खोडला तर परवान्याचं कारणच जाते. कारण गेलं की परवाना रद्द, पिस्तूल जमा."

"मी अर्ज नेमबाजीसाठी केला होता."

"अर्ज तुमचा. अहवाल आमचा."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. तुमच्या दारावर रंगवून घ्या.

तारखेच्या दिवशी भाऊला मीच माझ्या स्कूटीवर मागं बसवून आणलं. त्याच्या मांडीवर शेवंतीची पिशवी होती, येताना एका दुकानात द्यायची. रस्त्यात तो माझ्या कानाशी म्हणाला, "पोरी, मी सही करून टाकतो त्या कागदावर. काय होते? भांडण करणार नाई एवढंच तं लिहाचं हाय. आपण कुठं करतो? तुहं पिस्तूल राहीन."

मी गाडी बाजूला घेतली. सांगते तुम्हाला, त्या क्षणी मला हो म्हणावंसं वाटलं. पंचवीस मीटरवर घालवलेला एकेक रविवार डोळ्यापुढे आला. तो माणूस स्वतःच्या नावावर डाग घ्यायला तयार होता, मी कागदावर भोकं पाडत राहावं म्हणून.

"भाऊ, तुम्ही सही केली तर तो अहवाल खरा होते," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

तुम्हाला आठवत असेल. तुम्ही विचारलं, "गैरअर्जदार कोण?" भाऊनं हात वर केला. मग माझ्याकडे पाहून, "तुम्ही कोण? तुम्हाला बोलावलेलं नाही."

"माझ्या जिवाला यांच्यापासून धोका आहे, साहेब. यांना मीच गाडीवर बसवून आणलं."

शिपाई हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "हे रूटीन आहे, सही करा आणि जा." भाऊनं सही केली नाही. मी टेबलावर तीन वस्तू ठेवल्या: माझा परवाना, पिस्तूल सकाळीच ठाण्यात जमा केल्याची पावती, आणि मला कोणापासूनही धोका नाही असा माझा जबाब. तुम्ही परवाना आणि पावती लगेच घेतली. जबाब मात्र परत सरकवला. म्हणालात, "याचा इथं काही विषय नाही." नोटीस "प्रलंबित" ठेवली.

तो जबाब मी आवक विभागात दिला. शिक्का घेतला. आज त्याला चौसष्ट दिवस झाले. माझं पिस्तूल तुमच्या ठाण्यात आहे, आणि चंद्रभान अजून तुमच्या कागदावर माझा वैरी आहे.

ज्याला वैरी आहे त्याला तुम्ही हत्यार देता. ज्याला वैरी नाही त्याला सांगता, आधी एक घेऊन ये. आणि नाही आणला तर तुमची माणसं त्याच्या शेजारातून शोधून देतात, चहा पिता पिता. मग त्याला नोटीस काढून म्हणता, शांतता राखा. शांतता होती, साहेब. तिच्यात चार बोटं खोल कोनाडा होता.

त्या दिवशी परतल्यावर भाऊनं विळा घेतला आणि भिंत खरवडायला लागला. वहिनी ओरडली, आत्ताच तं लिंपली. अंधार पडायच्या आत कोनाडा पुन्हा झाला. डबा आला, बल्ब आला. मी टेपनं मोजलं. दहा मीटर पूर्ण. छर्ऱ्याच्या पिस्तुलाला तुमचा परवाना लागत नाही, म्हणून तेवढं उरलं आहे.

एका शेतकऱ्यानं एका संध्याकाळी स्वतःच्या हातानं केलेली चूक स्वतःच्या हातानं दुरुस्त केली. त्याला मातीची भिंत फोडावी लागली. तुम्हाला दोन ओळींवर पेन फिरवायचं आहे.

तर लेखी सांगा. माझ्या अर्जावर "आवड" लिहिलं होतं, तो कागद तुमच्यापैकी कोणी वाचला? त्याचं नाव काय? आणि चंद्रभानचं नाव त्या अहवालातून कोणत्या तारखेला निघणार?