विचारायचं नसतं

वखारीतल्या करवतीने सुताराच्या उजव्या हाताची बोटं नेली, तेव्हापासून त्याच्या सदऱ्याची बटणं बायकोच लावत असे. आजही ती तेच करत होती. वकिलाकडून बोलावणं आलं होतं.

"आज फीचं विचारूनच घेते," ती म्हणाली.

"खबरदार!" शेगडीपुढून सासू कडाडली. "डॉक्टरला आणि वकिलाला भाव विचारायचा नसतो. मन दुखावलं की काम बिघडवतात."

"भाजीची जुडी तर तू दहादा परत ठेवतेस, आई," सुतार हसला.

"भाजीवाली माझं घर बुडवणार आहे का?"

सुनेने शेवटचं बटण लावलं. वखारमालकाकडून भरपाई मिळाली तर सुतार घरीच लहानसं दुकान टाकणार होता. सगळं घर त्या दाव्यावर डोळे लावून बसलं होतं. वकीलपत्रावर सुताराने डाव्या हाताने सही केली तेव्हा फीची जागा कोरीच होती. "आपण घरचेच," वकीलसाहेब म्हणाले होते. घरच्या माणसाला काय विचारायचं?

चपलेसाठी दहा दुकानं फिरणारे आपण, काळा कोट दिसला की आपली जीभ टाळ्याला चिकटते.

तिघं कचेरीत पोचली. बाकांवर माणसं कुजबुजत बसलेली. एरवी हसून बोलणाऱ्या कारकुनाने आज मान वर केली नाही.

"दाव्याची मुदत उलटून गेली," आत वकीलसाहेब फाइल मिटत म्हणाले. "कामाच्या गर्दीत राहून गेलं."

"राहून गेलं?" सुतार पुढे वाकला. "साहेब, मी किती खेपा घातल्या! तुम्ही म्हणायचात, काळजी करू नका."

"मग आता करून काय उपयोग? फीचं कारकुनाकडे बघा. ती भरल्याशिवाय कागद मिळायचे नाहीत."

बाहेर कारकुनाने पुढे केलेला आकडा बघून सुनेने कागद परत सरकवला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

सून सासूकडे बघून काहीच बोलली नाही. बोलली असती तर सासूला बरं वाटलं असतं.

"एक पैसा देऊ नका," म्हातारी अखेर म्हणाली. "वकिलांच्याही वर कोणी असेलच. तिथं तक्रार करा. मी इथंच बसते."

"इथं कशाला, आई?"

"विचारायला."

ती बाकावर टेकली. शेजारी गळ्यात हात अडकवलेला एक गवंडी वकीलपत्रावर सही करायला पेन शोधत होता.

"काय रे लेकरा, फी विचारलीस?"

गवंड्याने आतल्या दाराकडे बघत आवाज खाली आणला. "विचारायचं नसतं, मावशी."

"मीही हेच म्हणत होते," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माझ्या पोराचा हात बघ. यांनी मुदत घालवून दावा बुडवला, वर फी मागतात."

सुताराने खिशात लपवलेला हात बाहेर काढला. कुजबुज थांबली. गवंड्याने कागदाची घडी घातली.

आत घंटी वाजली. कारकुनाने पुढच्याला हाक मारली. घंटी पुन्हा वाजली.

बाकावरचं कोणीच उठलं नाही.