शुक्रवारच्या माशांची कढई

कान जवळ आणा, हात मात्र नको. चूल आत्ताच विझवलीय, अंग अजून गरम आहे माझं. मी बिडाची कढई. एवढी मोठी, की तान्हं पोर बसवून आंघोळ घालता येईल. लिओनाने घातलीही आहे, दोन्ही पोरांना.

विस्कॉन्सिनमधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. लिओनाच्या बापाने मेपलच्या झाडांचा रस आटवायला मला विकत घेतलं. थंडी सरली की माझ्या अंगाला नुसता गोड गोड वास. पुढे लिओनाचं लग्न ऑर्विल झॅस्ट्रोशी ठरलं. बाप त्याला म्हणाला, "पोरगी नेतोस तर ही पण ने. दोघी सारख्याच. तापायला वेळ लागतो, पण तापल्या की लवकर निवत नाहीत."

ऑर्विल तेव्हा लष्करातून घरी आलेला. व्हिएतनामला लढून आला, हे गावाला ठाऊक. लष्करातून सुटला कसा, हे फक्त लिओनाला ठाऊक, आणि मला. चुलीपाशी माणसं खरं बोलतात, बघा.

युद्धावरून परतल्यावर त्याला लांब दक्षिणेतल्या छावणीत ठेवलं होतं. तिथे असताना ऑर्विलचा बाप वारला. बापाला पुरण्यापुरती रजा मिळाली. घरी येऊन बघतो तर आई एकटी आणि गोठाभर गायी. रजा संपली, पण गायींना ते कोण सांगणार? सकाळ-संध्याकाळ दूध काढावंच लागतं. हा राहिला तो राहिलाच, शरदात पानं लाल होईपर्यंत. मग लष्कराचे पोलीस आले आणि घेऊन गेले. खटला नको असेल तर इथे सही कर, म्हणाले. लवकर घरी जाता येईल म्हणून याने न वाचताच केली. कागदावर शेरा पडला, 'नको असलेला' म्हणून काढला. सन्मान नाही, काही नाही.

गावात माजी सैनिकांचा हॉल आहे. सन्मानाने सुटलेल्यांनाच तिथे सदस्य होता येतं. दर शुक्रवारी तिथे मासे तळतात, सगळं गाव जेवायला येतं. एकदा त्यांचा आचारी आजारी पडला, तेव्हा ऑर्विल मला घेऊन तिथल्या स्वयंपाकघरात शिरला. तो कायमचाच. पोरं मोठी होऊन शहरात गेली, गायी विकल्या, आम्ही आपले मासे तळतोय. हा आपल्यातलाच, असं सगळे धरून चालले.

गेल्या वर्षीच्या वसंतात त्याचा दोस्त वॉली नाचतच आत आला. "ए म्हाताऱ्या, टोपी घाल! हॉलचा प्रमुख, कमांडर केलाय तुला, एकमताने. विरोध करणाऱ्याला मासे मिळणार नाहीत, अशी धमकीच दिली मी."

ऑर्विलच्या हातातला मासा पिठात पडला. "मी सदस्यच नाहीये, वॉली."

"वर्गणी थकली असेल. भरून टाक."

"वर्गणी नाही रे." आणि त्याने सगळं सांगितलं.

वॉली स्टूल ओढून बसला. मग म्हणाला, "गायींसाठी पळालास? लेका, निदान बाईसाठी तरी पळायचं!"

"बाई इथेच होती," लिओना कोबी चिरता चिरता म्हणाली. "हा आधी गोठ्यात गेला."

वॉली म्हणाला, शेरा बदलून मिळतो, अर्ज करायचा. ऑर्विल ऐकेना. "पळालो होतो ना? मग लिहिलंय ते खरंच आहे."

लिओनाने सुरी ठेवली. "आपण गेल्यावर तो कागद पोरांच्या हाती लागणार. त्यांना कोण सांगणार, बाप कसा होता ते? कागदच सांगणार?"

ऑर्विलने हात पुसले. "कुठे जायचं?"

माजी सैनिकांची कामं बघणारी ग्रेचेन नावाची पोरगी आहे. "झॅस्ट्रो साहेब," म्हणाली. ऑर्विल म्हणाला, "साहेब म्हणू नकोस पोरी, गुदगुल्या होतात." तिने त्याची युद्धातली कामगिरी शोधून काढली, शेजाऱ्यांकडून लिहून घेतलं. सुनावणी संगणकावर होणार होती, आणि हॉलमध्ये इंटरनेट धड लागतं ते फक्त स्वयंपाकघरात. म्हणून मीही हजर! तिने बजावलं होतं, चूक झाली म्हणा आणि गप्प बसा.

पडद्यावर तिघं अधिकारी. त्यातल्या बाईंनी विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर?"

"रजा वाढवून मागेन, मॅडम. तेव्हा मला मागताच आली नाही. युद्धावरून आल्यावर तोंडातून शब्द फुटत नव्हता. हात थरथरायचे. गायींपाशी गेलो की थांबायचे. झोपही गोठ्यातच लागायची."

हे त्याने लिओनालाही कधी सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरले, आणि आज कांदा नव्हता हो.

"आणि रजा वाढवून दिलीच नसती तर?"

"मग गायींना तुम्ही समजवायचं, मॅडम."

ग्रेचेनने कपाळाला हात लावला. पण पडद्यावरची तिघंही हसली.

हिवाळा सरता सरता निकाल आला. शेरा बदलला होता. आता लिहिलं होतं: सन्मानाच्या अटींवर, सर्वसाधारण.

"सर्वसाधारण?" वॉली चिडला. "म्हणजे पुरा सन्मान नाहीच!"

"सदस्य व्हायला पुरतो," ग्रेचेन म्हणाली.

ऑर्विलने पुन्हा वाचलं, या खेपेला चष्मा लावून, अगदी शेवटपर्यंत. "बरोबर लिहिलंय," म्हणाला. "सर्वसाधारणच होतो मी."

आज शुक्रवार. दोन्ही पोरं शहरातून आलीत. बाहेर कमांडरच्या टेबलापाशी, कमांडरची टोपी घालून, ऑर्विल त्यांच्या मधे बसलाय. कागद मधे ठेवून गायींपासून सगळं सांगतोय, स्वतःच्या तोंडाने. पोरगी बापाचा हात सोडत नाहीये, त्यामुळे त्याला डाव्या हाताने खावं लागतंय. मासे वॉलीने तळलेत. एका बाजूने काळे, दुसरीकडून कच्चे. ऑर्विलने दोनदा मागून घेतले.

तुम्हीही या एखाद्या शुक्रवारी, पण थोडे दिवस जाऊ द्या. वॉली शिकतोय अजून. आणि मलाही या वयात नवा हात सोसायला जरा वेळ लागेल.