कुंकवाची जागा

कौसल्यामावशींचं इंजिन तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा गणपतशेठनी माझ्या बाकावरची पाने-पक्कड उचलली आणि निलेशच्या बाकावर नेऊन ठेवली.

"आजचा दिवस देतो," म्हणाले. "संध्याकाळपर्यंत धूर बंद नाही झाला, तर सोमवारपासून काउंटरवर बस. फोन घे, गिऱ्हाइकांशी गोड बोल."

माझं गोड बोलणं ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल की ही शिक्षा खरी गिऱ्हाइकांना होती. पण माझं डोकं फिरलं. माझगावच्या या गॅरेजात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागून मला सात वर्षं झाली. त्यातली दोन मी नुसते पार्ट धुण्यात घालवली. हा बाक मला कोणी ओवाळून दिलेला नाही. परळच्या आमच्या चाळीतल्या मुली बँकेत लागल्या, नर्स झाल्या. मी नखांत ग्रीस घेऊन घरी जाते आणि आई पाहुण्यांना सांगते, "कंपनीत आहे." तो बाक गेला असता तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

इंजिन रिच मारत होतं. म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. काळा धूर, प्लग काजळीने ओलाचिंब, जाळं टाकायच्या आधीच अर्धी टाकी फस्त. दोनदा ते भर दर्यात बंद पडलं आणि शेजारच्या होडीने दोर लावून मावशींना किनाऱ्याला आणलं. नवरा गेल्यावर होडी विकली नाही म्हणून कुलाब्याच्या वस्तीत चार गोष्टी ऐकून घेतलेली बाई ती. ओढून आणल्याचं तिला फार लागलं होतं. मलाही लागलं होतं.

गंमत अशी, की आमच्याकडे ते इंजिन अगदी शहाण्यासारखं वागायचं. कार्बोरेटर उघडायचा, पेट्रोलात धुवायचा, फ्लोट तपासायचा, परत बसवायचा आणि पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून बघायचं. धूर नाही, खोकला नाही. दाराबाहेर गेलं की दोन दिवसांत परत.

निलेश म्हणजे शेठचा भाचा. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, पेट्रोल सोडणारं भोक बारीक करायचं. "जेट छोटा टाक ना. सिंपल आहे."

"पिंपात बरोबर चालतंय, मग जेट मोठा कसा असेल रे? दर्यावर गेल्यावर वाढतो काय?"

"तू ना, फक्त वाद घालतेस."

घालते. त्यावरच सात वर्षं टिकले.

माझे वडील, भिवा, गोदीत क्रेनवर होते. ते म्हणायचे, धुण्याआधी बघावं, धुतल्यावर सगळेच स्वच्छ. दोन्ही वेळा मी नेमकं हेच विसरले होते. आल्या आल्या कार्बोरेटर पेट्रोलात बुडवला आणि तांबूस झालेलं पेट्रोल गंज समजून ओतून दिलं.

या वेळी धुतला नाही. तसाच खिडकीत नेला आणि बॅटरी मारून बघितलं. कार्बोरेटरच्या तोंडाशी दोन बारीक भोकं असतात, सुई जाईल एवढी. तिथून हवा शिरते आणि पेट्रोलात मिसळते. ती बुजली तर पेट्रोल जास्त जाणारच. एक भोक उघडं होतं, दुसरं नव्हतं. त्यात तार घातली तर टोक लाल होऊन आलं. बोटावर घासलं तर तेलकट. गंज तेलकट नसतो, आणि गंजाला खोबरेलाचा वास तर मुळीच येत नाही.

मी मान वळवली. शेठच्या टेबलामागे, गणपतीच्या तसबिरीखाली, खोबरेलात कालवलेल्या कुंकवाची वाटी होती. गॅरेजातून निघणाऱ्या प्रत्येक इंजिनाला शेठ स्वतः टिळा लावतात. बाकीच्या इंजिनांना पुढे प्लॅस्टिकचं झाकण असतं, टिळा त्यावर बसतो. मावशींच्या इंजिनाचं झाकण मे महिन्यात फुटलं आणि इतक्या जुन्या इंजिनाचं नवं मिळत नाही. मग टिळा थेट कार्बोरेटरच्या तोंडाशीच. तोही मी इंजिन चालवून दाखवल्यानंतर, हूड म्हणजे वरचं कव्हर बसवायच्या आधी.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. कुंकू शेठचं, आणि त्याच्याकडे बोट दाखवणार कोण, तर जिच्या बौद्ध घरात देव्हारा नाही ती मी. गुपचूप पत्र्याचं झाकण ठोकून दिलं असतं तरी बाक वाचला असता. पण मग दोन वेळची चूक कायमची माझ्या नावावर राहिली असती. जी माझी नाही ती मी का गिळू?

संध्याकाळी मावशी इंजिन न्यायला आल्या. पिंपात ते झकास चाललं. शेठ वाटी घेऊन आले आणि नेहमीसारखा टिळा लावला. निलेश हूड घेऊन पुढे झाला.

"थांब," मी म्हटलं. "शेठ, आता परत चालू करते."

"टिळा लावल्यावर कोण चालू करतं?"

"कोणीच करत नाही. म्हणून तर कळलं नाही."

दोरी ओढली. इंजिन लागलं, मिनिटभरात घुसमटलं आणि काळा धूर पार पत्र्यापर्यंत गेला. मी ते बंद केलं, भोकात तार घातली आणि लाल टोक सगळ्यांसमोर धरलं.

शेठचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "तुम्हा लोकांना आमचं कुंकू नेहमीच खुपतं."

"मला नाही खुपत, शेठ. इंजिनाला खुपतंय. आणि दोन्ही वेळा माझं काम बरोबर होतं, ते आधी बोला."

निलेशने हूड खाली ठेवलं. तेवढ्यात मावशी पुढे आल्या.

"गणपत, माझी होडी दोनदा दोरावर आली. देवाला चालत असेल, मला नाय चालत. पोर खरं बोलते."

मी भोक साफ केलं, इंजिन सुरू केलं. धूर गेला. शेठनी सवयीने पुन्हा वाटीत बोट बुडवलं, इंजिनापाशी आले आणि हात मधेच थांबला. वीस वर्षं टिळा लावणाऱ्या माणसाला जागा सापडेना. मी मुद्दाम तार पुसत राहिले.

"कुठं लावू?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"हँडलला लावा."

त्यांनी लावलं. मावशींनी नमस्कार केला. शेठ आत जायला वळले.

"शेठ," मी म्हटलं, "माझी पाने-पक्कड."

ते निलेशच्या बाकापाशी गेले. एकेक पाना उचलून माझ्या बाकावर आणून ठेवला. मी हात लावला नाही. नेली त्यांनी होती, आणायचीही त्यांनीच. शेवटच्या पान्याला त्यांच्या बोटाचं कुंकू लागलं. ते मी पुसलं नाही. माझं भांडण कुंकवाशी नव्हतं.