आवाजाची रिकामी रांग

मित्रांनो, कर्णबधिर मुलींच्या निवासी शाळेत, कार्यालयातील कपाटाच्या माथ्यावर, कापडी फुलांच्या कुंडीमागे जो करडा डबा दिसतो, तो मी. मी एक जुना फायरवॉल आहे. शाळेत येणारे आणि शाळेतून जाणारे सारे इंटरनेट माझ्यातून जाते. माझा आवाज एका बारीक पंख्याएवढाच. म्हणून माझा संताप आजवर कुणाच्या कानी गेला नाही.

माझा जन्म एका कारखान्यातील लांब टेबलावर झाला. तेव्हा मला काहीच येत नव्हते. मला शहाणे केले ते एका वयस्कर तंत्रज्ञाने. त्यांना शाळेत सगळे काका म्हणत. पहिल्या दिवशी काकांनी मला हातही लावला नाही. ते नुसते शाळाभर हिंडले. मुली संगणकासमोर उभ्या राहून, हातांनी खुणा करत घरच्यांशी कशा बोलतात, ते त्यांनी दारात थांबून पाहिले. मग मला नियम दिले.

माझे काम समजून घ्या. पत्र असो, चित्र असो वा आवाज, प्रत्येक गोष्ट लहान लहान पाकिटांत विभागून माझ्याकडे येते. पाकिटे बंद असतात. आत काय आहे ते मला दिसत नाही. पाकीट कुठून आले आणि कुठे निघाले, एवढे पाहून मी त्याला मनातल्या मनात एक क्रमांक देतो. तो पाकिटावर उमटत नाही. माझ्या दाराबाहेर पडताच पुसला जातो. पण वाट अरुंद असेल तेव्हा कोणत्या रांगेने आधी जायचे, हे त्याच क्रमांकावरून ठरते. काकांनी व्हिडिओ कॉलला पहिला क्रमांक दिला. पत्र क्षणभर उशिरा पोचले तरी बिघडत नाही. हातांनी बोललेले वाक्य मध्येच थांबले, तर समोरच्याने काय समजायचे? सात वर्षे मी हे इमानाने केले. कौतुक कधी झाले नाही, कारण काही अडलेच नाही.

काका निवृत्त झाले आणि नवा तंत्रज्ञ आला. दिवसभर इंटरनेटच्या फोनवर बोलणाऱ्या माणसांच्या एका कार्यालयातील नियमावली त्याने जशीच्या तशी माझ्यात उतरवली. "बाई, काळजीच सोडा. तीन ऑफिसांत हीच चालतेय, एकदम झकास," असे तो मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाला आणि चहा न घेताच गेला. अर्धी वाट फोनवरच्या आवाजासाठी राखली गेली. ती रिकामी पडली तरी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असे मला बजावले गेले. व्हिडिओला मिळाला शेवटचा क्रमांक, कारण त्या कार्यालयात व्हिडिओ म्हणजे कामचुकारपणा. मित्रांनो, कर्णबधिर मुलींच्या शाळेत ही नियमावली! मला ओरडावेसे वाटले. पण नियम माझ्या पोटात राहतात, ते बदलणे माझ्या हाती नसते.

त्या दिवसापासून पडद्यावरचे हात गोठू लागले. दोष माझ्या माथी आला. शिपाईमामा येता-जाता मला चापट मारत. तीन आठवड्यांनी तोच तंत्रज्ञ मला काढून नवा डबा बसवायला आला. त्यातही तीच नियमावली भरलेली होती!

त्याच दुपारी कार्यालयातल्या संगणकावर एका मुलीचा कॉल होता. हनुवटीला बोट टेकवले की खुणांच्या भाषेत ते तिचे नाव. तिची आईही कर्णबधिर. दूरच्या रुग्णालयात चार वाजता आईची शस्त्रक्रिया होती. तीन वाजता आई पडद्यावर दिसली, तिने दोन्ही हात उचलले आणि ते तसेच अधांतरी थांबले. मुलीने पडद्याला हात लावला. कॉल पुन्हा लावला. हात पुन्हा गोठले. मुलगी घड्याळाकडे पाहू लागली.

"डब्याचं वय झालंय, बाई. भंगारात द्या," तंत्रज्ञ म्हणाला.

"त्याचं नंतर बघू. आधी तिच्या आईचे हात हलू देत."

"थांबा, पुरावाच दाखवतो." त्याने माझ्या रांगांचे आकडे उघडले. व्हिडिओची रांग तुंबलेली, हजारो पाकिटे टाकून दिलेली. आवाजाच्या रांगेत शून्य. "बघा! तीन आठवड्यांत एक कॉल नाही. याची रांगच मोडलीय."

बाईंनी भिंतीकडे बोट दाखवले. "अहो दादा, त्या रांगेतून बोलणार कोण? माझा फोन तर तो भिंतीवरचा, तारेचा. तो या डब्यातून जातच नाही."

"साहेब, बडबड इथे रग्गड आहे," शिपाईमामा म्हणाले, "पण सगळी हातांची. वर्गात डोकवा, डोळे दुखतील!"

तंत्रज्ञाचे कान लाल झाले. "मी वर्ग बघितलेच नाहीत," तो पुटपुटला.

"मग आता आमची पोर तरी बघा," बाई म्हणाल्या.

त्याने पाहिले आणि खुर्ची ओढली. साडेतीन वाजले होते. आवाजासाठी राखलेली वाट त्याने मोकळी केली आणि व्हिडिओला पहिला क्रमांक परत दिला. मुलीने पुन्हा कॉल लावला.

नवा डबा खोक्यातूनच परत गेला. माझी मात्र कुणी क्षमा मागितली नाही. मामांनी तेवढी कुंडी बाजूला सरकवून माझ्यावरची धूळ पुसली. मित्रांनो, आमच्यावरची धूळ जरूर पुसा. पण आमच्यात नियम भरण्याआधी, काकांसारखे एकदा घरभर हिंडा. तिथे कोण राहते, कसे बोलते, ते पाहा. आम्ही सांगितले तेवढेच करतो, आणि चुकीचे सांगितले तर तेही तितक्याच इमानाने करतो. याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

त्या दुपारी आई काय म्हणाली, ते मला सांगता येणार नाही. पाकिटे बंद होती. पडदा मुलीच्या आड होता, मी फक्त तिची पाठ पाहत होतो. तिचे आखडलेले खांदे हळूहळू खाली आले. चारला दहा मिनिटे कमी असताना कॉल संपला. तोवर त्या कॉलचे एकही पाकीट मी थांबवले नव्हते.