पाण्यातली सावर

फोटो पाणी हलायच्या आत काढावा लागतो. माघात उजाडताना मुळशीच्या धरणाचं पाणी इतकं निवांत असतं की डोंगर कुठं संपला आणि त्याचं प्रतिबिंब कुठं सुरू झालं ते काठाच्या ओल्या चिखलावरूनच ओळखायचं. मग ताम्हिणीकडून वारा सुटतो आणि सगळं चित्र कुणीतरी पायानं विस्कटावं तसं विस्कटतं. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून घरी आले तेव्हापासून मी रोज सकाळी आमच्या खाचराच्या टोकाला कातळावर ट्रायपॉड लावून उभी असते, आणि पाण्याच्या चिंचोळ्या फाट्यापलीकडचा एकच उतार टिपते. गवत पिवळं पडताना, कारवी वाळताना, धुकं रोज थोडं लवकर उठताना. उताराच्या मध्यावर एक काटेसावर आहे. जमीन आमची आहे. म्हणजे अजून तरी आहे.

"आमची क्षितिजा डोंगराला स्थळ बघतीया," नथूतात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "रोज फोटू काडती त्येचा." माझे चुलते. स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसणारे.

उताराला स्थळ खरं तर त्यांनीच बघितलं होतं. जमीन घेणारी पुण्याची एक पार्टी फाल्गुनातल्या एका रविवारी बघायला येणार होती, आणि बघायला येणाऱ्याला जमीन मोकळी दिसावी लागते. झाडं तोडली की चौकशी होते. वणव्याची होत नाही. आमच्याकडे दर फाल्गुनात कुठला ना कुठला डोंगर पेटतो, आणि सगळा गाव मान डोलावून सांगतो की भाजलं की गवत चांगलं येतं. कुणी पेटवला हे कधीच कुणाला माहीत नसतं. तात्या आणि माझे वडील, आबा, यांनी पेटवायला आदली शनिवारची सकाळ ठरवली होती. राहता राहिली माझी सही. आमच्याकडे लेकींनी हक्कसोड द्यायची आणि साडी-चोळी घेऊन गप्प बसायचं, अशी रीत आहे. माझ्यासाठी पोपटी साडी आणूनही झाली होती. मी साडी नेसत नाही हे अख्ख्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

साडी घेऊन रंभाआत्याला पाठवलं होतं. तिनं स्वतःची सही केव्हाच देऊन टाकलेली.

"दे बाय सही. भांडून म्हायेर तुटतं."

"तुझं राहिलंय का गं आत्या? चहाला यायचं तरी फोन करून विचारतेस."

साडीची पिशवी तिथंच ठेवून ती गेली. वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेत इतकं नाही.

तर, ती सावर. थंडी सरत आली होती आणि झाड अजून उघडंबोडकं होतं. काट्यांचं खोड, आडव्या फांद्या, त्यांवर एखादा कोतवाल पक्षी. मी फोटो मोठा करून धुक्याची कड तपासत होते तेव्हा खालच्या अर्ध्या भागात लाल दिसलं. काठावरचं झाड रिकामं आणि पाण्यातलं फुललेलं. प्रत्येक फांदीच्या टोकाला मुठीएवढं फूल, आणि पाकळी न् पाकळी स्वच्छ.

मला भीती वाटली नाही, राग आला. कुणीतरी माझ्या कामात हात घातलाय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी भिंगावर पोलरायझर चढवला. ही काच फिरवली की एका कोनात पाण्यावरची चमक कापली जाते, प्रतिबिंब विरतं आणि तळाचा चिखल दिसायला लागतो. मी हळूहळू काच फिरवली. आभाळ गेलं, डोंगर गेला, गवत गेलं. चिखल दिसला, त्यात रुतलेली एक चप्पलही दिसली. सावर तेवढी गेली नाही.

मग वरची सावर फुलली, आणि पाण्यातला उतार काळा पडायला लागला. रोज थोडा, खालून वर. वर पिवळं गवत वाऱ्यानं डुलत होतं आणि खाली राख होती. आणि त्या राखेत, सावरीच्या बुंध्याशी, कुणीतरी उभं होतं. खूप लहान, पाठमोरं. मोठं करून पाहिलं तर बाई होती एवढंच कळायचं.

शुक्रवारी मी तो फोटो आबांसमोर धरला. काय होईल असं वाटलं होतं कुणास ठाऊक. ते जेवत होते. त्यांनी हात ताटातच ठेवला आणि कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"कोन हाय ही?"

"तुम्हीच सांगा. जमीन तुमची."

"आरं, कंपूटरवर काय बी करत्यात आजकाल," तात्या म्हणाले. "तू जेव, दादा."

आबा जेवले. हेच तर. आमच्या घरात माणसं काहीही बघून जेवू शकतात.

शनिवारी मी त्यांच्या आधी पोचले. फाटा ओढ्याच्या तोंडाशी ओलांडता येतो. तिथून वळसा घालून उतारावर चढले आणि पाण्याच्या कडेपासून थोडं वर, सावरीखाली, ट्रायपॉड रोवला. माणूस मध्ये उभं असताना कोण पेटवतो ते बघायचं होतं मला. फुलं टपाटप खाली पडत होती, जड, मांसल, आणि झाडावर साळुंक्यांचा नुसता कालवा चालला होता.

दोघं पायवाटेनं आले. तात्यांच्या हातात काड्यापेटी.

"लावा," मी म्हणाले. "मी हलणार नाही."

तात्यांनी माझ्याकडे, म्हणजे सावरीकडे, बघितलं. "आली न्हाई पोरगी. बरं झालं. मला वाटलं, हितं येऊन तमाशा करती."

मला वाटलं, नेहमीचंच सोंग. पोरीचं बोलणं ऐकू न येण्याची कला आमच्याकडे पिढीजात आहे. आता दिसेनाशी करायचीही शिकले असतील. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. साळुंक्या उडाल्या नाहीत.

तात्या वाळल्या गवताशी उकिडवे बसले आणि त्यांनी काडी ओढली. त्याच वेळी आबांची नजर खाली पाण्यावर गेली.

ते धावत माझ्या शेजारून गेले, इतक्या जवळून की त्यांच्या सदऱ्याचा तंबाखूचा वास आला. चिखलात गुडघ्यांवर पडले. पाणी अजून हललेलं नव्हतं.

"क्षिते!" त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नथ्या, टाक ती काडी! टाक म्हनतो ना!" आणि मग पाण्याकडे वाकून, अगदी हळू, "सही नगं. काय बी नगं. हितं कुनाला हात लावू देनार न्हाई मी. वर ये बाय. वर ये."

तात्यांच्या बोटांत काडी विझली.

मी आबांच्या मागे जाऊन उभी राहिले. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. "आबा," म्हणाले मी, एकदाच, नीट. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पाण्यात सगळा उतार काळा होता. सावरीखाली ती उभी होती, आता आमच्याकडे तोंड करून, तोंड माझंच, आणि आबा तिला पुन्हा पुन्हा वर ये म्हणत होते.

तिनं मान हलवली. नाही.

मीही तेच सांगितलं असतं.