मूठभर राखलेले

—हिरवा असायला हवा होता तो ठिपका पिवळा होता. मोहरीच्या दाण्याएवढा. झेंडूचा एखादा कण काचेवर पडला असावा, म्हणून गोदाबाईंनी पदराच्या टोकाने टॅब पुसला. ठिपका हलला नाही. त्याच्यापुढची अक्षरे त्यांनी काल वाचली होती, परवाही वाचली होती, आणि दोन्ही वेळा नातीने, दामिनीने, ते कार्ड बोटाने ओढून 'झाले'च्या रकान्यात नेऊन ठेवलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

'आजोबांना अकोल्याच्या दवाखान्यात नेणे — चालू.'

गोदाबाईंचे यजमान खुशालराव त्या दवाखान्यातून परत आले नव्हते. त्यालाही आता वर्षे लोटली... आणि कार्ड मात्र चालू.

वलगावच्या मळ्यातून अमरावती-अकोल्याच्या बाजारात फुले जात, ती कोणी तोडायची, कोणत्या गाडीत चढवायची, कोणत्या मांडवात पोचवायची, हे सारे पूर्वी गोदाबाईंच्या तोंडी हुकुमावर चाले; दामिनीने ते या काचेत आणून बसवले. घ्यायचे, चालू, झाले — तीन रकाने. प्रत्येक कामाचे एक कार्ड; चालू असेल तर पिवळा ठिपका, झाले की हिरवा. त्यांनी नाक मुरडले होते, पण मग त्यांच्या ध्यानात आले की ही काच विसरत नाही, उलट बोलत नाही, आणि सांगितले तेवढेच करते. अशी सून त्यांना मिळाली असती तर... असो.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. नवा ड्रायव्हर चंद्रभान ओसरीपर्यंत आला, चपला काढून अदबीने उभा राहिला.

"बाई, सायबायले अकोल्याले न्याचं हाय ना? तयार झाले का?"

गोदाबाईंनी मान वर केली नाही. "कोणी सांगितलं तुला?"

"मोबाईलवर आलं ना मले. आजोबांना दवाखान्यात नेणे, सकाळी. मी त मागची सीट पुसून, उशी ठेवून आलो. म्हटलं, म्हातारं माणूस हाय, टेकाले लागते." त्याने आतल्या दाराकडे पाहिले. "हात देऊ का त्यायले?"

आतल्या दाराचा पडदा किंचित हलला. वारा नव्हता. पंखा असेल... पंख्यानेच. पण त्या क्षणी आपण पडद्याकडे पाहिले, चंद्रभानकडे नाही. आणि उशी ठेवली हे बरे केले, त्यांची पाठ दुखते, असे आपल्याच मनात आधी आले आणि मग बाकीचे — हे गोदाबाईंना लपवता येईना, निदान स्वतःपासून.

"गाडी राहू दे फाटकाशी," त्या म्हणाल्या. "चहा घे."

दामिनीला हाक गेली. ती आली, चंद्रभानचे ऐकून पांढरी पडली, आणि टॅब मांडीवर घेऊन बसली. तिची बोटे भराभर चालत होती. मग थांबली.

"आजी... बदल कोणी केला ते दिसते इथं." तिने काच फिरवली. "तुझं नाव येऊन राहिलं. काल संध्याकाळी. परवाही."

"मी हात लावला नाही."

"मला माहीत आहे, पण—"

"माहीत आहे तर पण कशाला?"

स्वर करडा निघाला, तसाच निघायला हवा होता; पण मांडीवरच्या उजव्या हाताकडे गोदाबाई पाहत राहिल्या, जणू तो शेजारच्या घरातला हात होता. काल संध्याकाळी त्या तुळशीपाशी बसल्या होत्या. बसल्याच होत्या ना? टॅब कट्ट्यावर होता... आपण न सांगता हे बोट कुठे जाऊन येत असेल? आणि गेले असेल तर ते खुशालरावांना तिकडे पाठवत होते की परत...

"सापडलं!" दामिनी एकदम हसली, आणि लगेच हसू आवरले. "आजी, हा तुझाच नियम आहे गं. टोपल्याचा."

टोपल्याचा नियम. बाजारातून टोपले रिकामे घरी आणायचे नाही. शेवटचे गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, मूठभर फुले तळाशी राखायचीच. हे त्यांना सासूने शिकवले होते. काचेचा कारभार सुरू झाला त्याच आठवड्यात त्यांनी दामिनीला बजावले होते — या तुझ्या डब्यातही शेवटचा रकाना भरला आणि बाकी सारे रिते झाले, असे होता कामा नये. संध्याकाळी एक तरी काम हाती राहिलेच पाहिजे. दामिनीने हसत हसत, गोदाबाईंच्याच नावाने, ते काचेला शिकवले: सारी कार्डे 'झाले' असतील तर सर्वांत जुने पुन्हा 'चालू' करावे. एवढी वर्षे कामाला खंड नव्हता. यंदा लग्नसराई आटोपली, मळा नांगरून मोकळा ठेवला, आणि एकही काम उरता कामा नये म्हणून साऱ्यांच्या पाठीस लागल्या त्याही गोदाबाईच.

आणि सर्वांत जुने कार्ड... दामिनीने शिकण्यासाठी म्हणून केलेले ते पहिले कार्ड होते. गाडीत बसल्यावर खुशालरावांनी ते तिच्याकडून मागून घेतले होते, स्वतःच्या बोटाने ओढले होते, आणि खिडकीतून ओरडले होते, "पाह्य गोदे, झालो मी हिरवा!" त्या हसल्या नव्हत्या. बैलबाजारातल्या माणसासारखे ओरडू नका, असे काहीसे म्हणाल्या होत्या. गाडी वळली.

"काढून टाकू नियम?" दामिनी विचारत होती. "तुझ्या नावाचा आहे, तुझं हो पाहिजे. मग ते कार्ड कायमचं हिरवं राहील."

कायमचे. फाटकाबाहेर चंद्रभान गाडीची काच पुसत होता. ओसरीच्या आढ्याला टांगलेल्या टोपल्यात हंगामाची शेवटची मूठ सुकून तपकिरी झाली होती.

"नियम मोडायचा नाही."

"मग एखादं नवं काम टाक, आजी. लवकर न होणारं. ते चालू राहिलं की जुनं काही मागे येत नाही."

गोदाबाईंनी काम शोधले. विहीर उपसून झाली होती. बी निवडून झाले होते. पापड, कुरडया, देवाची भांडी... इतक्या मोठ्या संसारात आपल्या हाताशी काहीच उरू नये, हे त्यांना अंगावर पाल पडावी तसे जाणवले. मग त्यांनी शांतपणे सांगितले,

"लिही. आजोबांना अकोल्याहून परत आणणे."

दामिनीचे बोट काचेच्या वर थबकले. "आजी..."

"नेणे लिहिलंस त्या दिवशी. आणणे कोणी लिहिलंच नाही. लिही."

अक्षरे उमटली. "कोणाच्या नावावर टाकू? नावाशिवाय घेत नाही ते."

"माझ्या."

"आणि तारीख?"

"ती राहू दे."

दामिनीने जुने कार्ड ओढले; पहिला ठिपका हिरवा झाला. त्याच्याखाली दुसरा, पिवळा, उजळला. चंद्रभानचा मोबाईल बाहेर किणकिणला. तो वाचताना दिसला, मग त्याने ओसरीकडे पाहिले, आणि मागच्या सीटवरची उशी झटकून पुन्हा नीट ठेवली.

दिवस उतरला तरी गोदाबाई तिथेच बसून होत्या. भीती सकाळी होती. ती आता कुठे शोधूनही सापडत नव्हती, आणि तिच्या जागी, लग्न होऊन आल्या त्या वर्षी, बाजारातून खुशालरावांची बैलगाडी परतायच्या वेळी येई तसे काहीतरी कानांत येऊन बसले होते. रस्त्यावरून एक गाडी आली, मंदावली, पुढे गेली. ही नव्हे. त्यांनी केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला, आणि काचेतल्या त्या पिवळ्या ठिपक्याकडे — हा कधीतरी हिरवा होईल, आणि तो करायला हेच बोट लागेल, याची त्यांना आता खात्री होती — पाहिले न पाहिलेसे करून त्या फाटकाकडे कान देऊन राहिल्या.