बैठकीखालची सही

“दोन हात लावू नकोस, सूनबाई. एका हातानं उचलता आली नाही, तर मी सुतार कसला?”

लग्नानंतर पहिल्यांदा मी ती खुर्ची सरकवायला गेले, तेव्हा सासरे असं म्हणाले होते. खाली निमुळते होत बाहेर फाकलेले चार पाय, वेताची बैठक, किंचित रेललेली पाठ. नक्षीचं नाव नाही. महायुद्धानंतरची नवी घरं लहान होती आणि खिडक्या मोठ्या. जडशीळ सामान तिथं मावेना. एका तरुण वास्तुविशारदानं कागदावर हलकी खुर्ची काढली, सासऱ्यांनी ती लाकडात उतरवली. वाघाच्या पंजासारखे पाय कोरलेल्या जड खुर्च्यांवर बसणारे लोक हसले. “ही तर पळायच्या बेतात दिसते!” म्हणाले. आज माझ्या दिराच्या दुकानात ‘अगदी नवी फॅशन’ म्हणून तसल्याच पायांची टेबलं ओळीनं उभी आहेत.

सासरे आता नाहीत. परवा संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. त्या काळच्या सामानाचं प्रदर्शन भरणार होतं. “आराखडा कुणाचा ते माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण बनवणाऱ्याचं नाव लावायचं तर पुरावा हवा. गुरुवारी बघायला येते.”

“आहे की!” सासूबाई माझ्या शेजारूनच फोनमध्ये ओरडल्या. “बैठकीखालच्या पट्टीवर पेन्सिलीनं सही केलीय. माझ्यासमोर!”

दीर तेव्हा दुकानात होते. पाहुण्या येणार एवढंच त्यांच्या कानावर गेलं.

सकाळी जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून बसलेली असताना दीर पॉलिशचा डबा घेऊन आले.

“वहिनी, खुर्चीला जरा नटवू का?”

मी माळेचा पुढचा मणी ओढला.

“नाही म्हणत नाही, म्हणजे हो!” आणि ते खुर्ची घेऊन अंगणात गेले. मला वाटलं, धूळ झटकतील.

जप आटोपून बाहेर आले तर खुर्ची काळीभोर, चकचकीत. उलटी करून पाहिली, खालची पट्टीसुद्धा.

“वरून-खालून एकसारखी,” दीर खुशीत होते. “आपल्याकडे अर्धवट काम नाही!”

“मेल्या, बापाचं नाव झाकलंस!” सासूबाई माझ्यामागून बाहेर आल्या होत्या. “जन्मभर दुसऱ्याच्या नावाखाली राबले. आता कुठं त्यांचं नाव लागणार होतं.”

दिरांचा चेहरा उतरला. “मशीन आणतो. पाच मिनिटांत घासून...”

“सहीसकट घास! मग मशीनवर मी तुलाच धरते.”

मी बोट लावून वास घेतला. स्पिरिटमध्ये विरघळणारं पॉलिश होतं. सही केल्यावर सासऱ्यांनी वरून तेल मुरवलं होतं, असं सासूबाई सांगत; सुकलेलं तेल स्पिरिटनं निघत नाही, म्हणजे पेन्सिल खाली शाबूत असणार. न घासता, नुसतं टिपत टिपत काढायला हवं.

“आई, डोळे उघडून बघायला हवं होतं मी. गुरुवारच्या आत नाव वाचता येईल. शब्द देते.”

सासूबाईंनी डोळे पुसले. “तू शब्द दिलास की मी निर्धास्त होते. हा देतो तेव्हा माझी झोप उडते.”

“मी इथंच उभा आहे, आई,” दीर पुटपुटले.

“म्हणूनच म्हणतेय.”

दुपारी दोघांचा डोळा लागला. मी एका वाटीत स्पिरिट घेतलं, कापसाचे लहान लहान बोळे केले आणि आवाज न करता पट्टीच्या डाव्या कोपऱ्यावर पहिला बोळा टेकवला.